खाड्यांची वही

महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत घराबाहेर जेवण्याची जी ठिकाणे आहेत, त्यांपैकी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत ज्यांची रसभरित वर्णने येतात ती थोडी आणि ज्यांच्यावर शहरातील हजारो माणसांचे पोट रोज चालते ती फार, असे प्रमाण आहे. गल्लीच्या तोंडाशी असलेली खानावळ, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत टेबले मांडून चालवलेली मेस, सकाळी इडली-उपीट आणि दुपारी राइस प्लेट देणारे उडुपी, कोपऱ्यावरचा इराणी, या सर्वांना येथे ‘वस्तीतील उपाहारगृहे’ असे एकच नाव दिले आहे. गिऱ्हाईक तेथे पायी येते, वारंवार येते आणि कोणताही खास प्रसंग नसताना येते, हे त्यांचे समान लक्षण होय. प्रस्तुत लेखक बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील रोहिणखेडचा असून शिक्षणाच्या आणि पुढे नोकरीच्या निमित्ताने पुण्यात राहिला असताना त्याचे जेवण प्रामुख्याने अशाच ठिकाणी झाले, आणि पुढील विवेचन त्या अनुभवावर आधारलेले आहे. या ठिकाणांचे स्वरूप पदार्थांच्या यादीपेक्षा त्यांच्या हिशेबाच्या वहीतून अधिक कळते, असे त्याचे मत त्या काळात बनले.

रोहिणखेड हे वऱ्हाडच्या बालाघाटाच्या, म्हणजे घाटावरच्या पठाराच्या, अगदी पायथ्याशी वसलेले गाव आहे. पठाराखालच्या सखल मुलखाला जुन्या कागदपत्रांत पयानघाट म्हणत असत. घाटाखालच्या वाटेवर असल्यामुळे खानदेशातून वऱ्हाडात येणाऱ्या फौजांशी या गावाचा संबंध आला, येथे १४३७ मध्ये बहामनी आणि खानदेशचे सैन्य भिडले, १५८२ मध्ये खुदावंतखान महदवी याने बांधलेली सुबक मशीद अजून उभी आहे आणि निजामशाहीच्या वारसाहक्काची एक लढाईही याच परिसरात झाली. एवढा इतिहास असलेल्या गावात विकतच्या जेवणाची परंपरा मात्र जवळजवळ नव्हती. गावाकडे हॉटेल म्हणजे चहा, भजी, आलुबोंडा आणि शेवचिवडा मिळण्याची जागा. तेथे माणसे बसत, बातम्या ऐकत, बाजाराच्या दिवशी पिशव्या ठेवत, पण जेवणाची वेळ झाली की उठून घरी जात. घराबाहेरचे जेवण ते पंगतीचे, म्हणजे लग्नाचे, तेरवीचे किंवा शेतातल्या रोडग्यांचे, आणि त्याचे पैसे द्यावे लागत नसत. पैसे देऊन पोटभर जेवणारा माणूस एकतर परगावचा असे किंवा त्याच्या घरात काही बिनसले आहे असे समजले जाई. या समजुतीचे ओझे घेऊनच तेथील मुलगा शहरात पोचतो, त्यामुळे पहिल्या दिवशी त्याला ताटापेक्षा गल्ल्याचा अधिक संकोच वाटतो.

शहरातील खानावळीचा उगम पाहिला तर हा संकोच अगदीच अस्थानी नव्हता असे दिसते, कारण तीही घर मागे ठेवून आलेल्या माणसांसाठीच निघाली. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार बायकामुले गावी ठेवून एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत, आणि त्यांचे जेवण चाळीतल्याच एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर लावलेले असे. या खानावळवाल्या बाया वाण्याकडून उधारीवर शिधा आणीत, सावकाराचे व्याज भरीत, आणि गिरणीचा पगार झाला की कामगारांकडून पैसे घेऊन ती उधारी फेडीत; संप लांबला तर पैसे थांबत, जेवण मात्र सहसा थांबवले जात नसे, म्हणजे संपाचा काही खर्च या चुलींनीच उचललेला असे. कामगार चळवळीत वाढलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या बायांना बँक ऑफ बडोदाचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा त्या घरबसल्या स्वयंपाक करणाऱ्या बाया नसून धंदा करणाऱ्या बाया आहेत ही गोष्ट प्रथमच बँकेच्या कागदावर आली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर कामगारांची ही पंगत विस्कटत गेली. मुंबईच्या खाद्यसंस्कृतीवर लिहिताना या बायांना परिच्छेदभर जागा देऊन वडापावाकडे वळण्याची जी रीत पडली आहे, ती प्रस्तुत लेखकास अन्यायाची वाटते.

उडुपी आणि इराणी यांच्या बाबतीतही मालक आणि गिऱ्हाईक दोघे परगावचे, असाच प्रकार होता. दक्षिण कन्नडातून आलेल्या मंडळींनी मुंबईत जी भोजनगृहे काढली, त्यांपैकी माटुंग्याचे रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे. इराणातून, मुख्यतः यझ्द आणि केरमान भागांतून, आलेल्यांनी चालवलेले मुंबईतील कयानी १९०४ चे आणि पुण्यातील डेक्कनवरचे गुडलक १९३५ चे. मराठी माणसाने चालवलेले दादरचे मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० इतके जुने आहे, हे येथे नोंदवले पाहिजे, कारण मराठी माणूस या धंद्यात उशिरा आला असे सरसकट बोलले जाते.

पुण्याची मेस ही गिरणगावच्या खानावळीची विद्यार्थ्यांसाठी निघालेली शाखा म्हणता येईल. सदाशिव आणि नारायण पेठांत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका, म्हणजे महिन्याच्या भाड्याने खुर्ची-टेबल मिळणाऱ्या वाचनाच्या खोल्या, जशा वाढल्या तशा मेसही वाढल्या, आणि ‘मेस लावणे’ हा शब्दप्रयोग खोली घेण्याइतकाच नित्याचा झाला. मेस लावणारा तो ‘मेंबर’. एखाद्या दिवशी पैसे देऊन जेवून जाणारा तो ‘गेस्ट’, आणि गेस्टला ताट महाग पडते. मेंबर एखाद्या वेळी जेवावयास आला नाही तर त्या गैरहजेरीस ‘खाडा’ म्हणतात. खाड्याचे नियम मेसगणिक वेगळे असले तरी त्यांचे तत्त्व एकच असते: आदल्या संध्याकाळी सांगितलेला आणि सलग काही वेळांचा खाडा महिन्याच्या हिशेबातून वजा होतो, एकट्यादुकट्या वेळेचा होत नाही, कारण भाजी आणलेली असते आणि कणीक भिजलेली असते. प्रथमदर्शनी हा नियम जाचक वाटतो; पण गॅस, किराणा आणि पोळ्या लाटणाऱ्या बायांची मजुरी यांचा हिशेब ज्याने एकदा समजून घेतला, त्याला त्याची गरज पटते.

प्रस्तुत लेखक ज्या मेसचा मेंबर होता, तेथे हा हिशेब एका लांबट, पुठ्ठ्याच्या वहीत ठेवलेला असे. डावीकडे नावे, वर तारखा, प्रत्येक तारखेखाली सकाळ-संध्याकाळचे दोन रकाने, आणि खाड्याच्या जागी फुली. वहीत पाटील इतके होते की आडनावापुढे गाव किंवा जिल्हा लिहिल्यावाचून भागत नसे, म्हणून ‘पाटील धुळे’, ‘पाटील सांगली’, ‘पाटील मोताळा’ अशी नावे तयार झाली होती आणि मेंबरही एकमेकांना त्याच नावांनी हाक मारीत. मेस चालवणाऱ्या बाईंना सर्वजण काकू म्हणत. त्या कोणाला जवळ घेऊन विचारपूस करणाऱ्या नव्हत्या, पण लागोपाठ न सांगितलेल्या फुल्या पडल्या की त्या मुलाच्या खोलीतल्या दुसऱ्या मेंबरला थांबवून चौकशी करीत, आणि ताप असल्यास मऊ भात डब्यात भरून देत. हे ममत्व होते की वसुलीची दक्षता, असा प्रश्न तेव्हा मुलांत चर्चिला जाई. दोन्ही असावे, आणि दोन्ही असण्यात काही वावगे नाही.

ताटाचे वेळापत्रकही मेंबराला हळूहळू कळते. बारा वाजता येणाऱ्याला तव्यावरची पोळी आणि घट्ट आमटी मिळते. दीडनंतर पोळ्या डब्यातल्या येतात, सुक्या भाजीत बटाट्याचे प्रमाण वाढते आणि आमटीच्या पातेल्यात एक तांब्या गरम पाणी पडलेले असते. रविवारी सकाळी ‘फीस्ट’, म्हणजे गोड पदार्थासह विशेष जेवण, आणि संध्याकाळी मेस बंद, ही पद्धत पुण्यात सार्वत्रिक आहे. त्यामुळे रविवारच्या रात्री पेठांतील मुले गटागटाने बाहेर पडतात, कोणी बन-मस्का आणि चहावर भागवतो, कोणी पावभाजी दोघांत घेऊन पावाच्या जादा जोड्या मागवतो. घरदार असलेल्या पुणेकराची हौस म्हणून त्या रात्री जी टेबले भरलेली दिसतात, त्यांपैकी कितीतरी टेबलांवर केवळ चूल बंद असल्यामुळे आलेली माणसे बसलेली असतात.

चवीच्या बाबतीत वऱ्हाडच्या माणसाची अडचण निराळी आहे. रोहिणखेडच्या घरात ज्वारीची भाकर, चून, वांग्याची भाजी आणि खलबत्त्यात कुटलेला मिरचीचा ठेचा हे रोजचे अन्न. पुण्यात आमटीत गूळ आणि भाजीत साखर पडते, आणि नारायण पेठेतील १९४८ पासूनच्या बेडेकरांच्या प्रसिद्ध मिसळीतही वऱ्हाडी जिभेला गोडवाच आधी जाणवतो. नवे मेंबर पहिल्या आठवड्यात गावाकडून ठेच्याची बाटली मागवतात. मेसच्या टेबलाखाली अशा बाटल्यांची देवघेव चाले आणि काकू तिकडे दुर्लक्ष करीत. एकदा प्रस्तुत लेखकाची आई पुण्यात आली असता तिला गेस्ट म्हणून मेसमध्ये नेण्यात आले. पंगत नाही, कार्य नाही, आणि अनोळखी मुलांच्या रांगेत बसून जेवायचे, यामुळे ती आधी अवघडून बसली. त्या दिवशी भाकरी होती, तिचा तुकडा मोडून तिने हाताने चुरगळून पाहिला आणि वाढणाऱ्या बाईंना विचारले की ही ज्वारी दादर आहे काय. दादर ही खानदेश आणि लगतच्या भागात रब्बीत घेतली जाणारी ज्वारी. काकूंच्या माहितीत मालदांडीपलीकडे, म्हणजे सोलापूरकडच्या प्रसिद्ध वाणापलीकडे, ज्वारी नव्हती. दोघींचे बोलणे पिठाच्या चिकटपणावरून दळणाच्या जाडीवर आणि तेथून भावावर गेले, काकू गल्ला सोडून समोर येऊन बसल्या, आणि निघताना आईने गेस्टचे पैसे देऊ केले तेव्हा त्यांनी ते घेतले. न घेतले असते तर आईला ते आवडले नसते. विकतच्या जेवणाला तिने त्या दिवशी व्यवहार म्हणून मान्यता दिली होती.

वस्तीतील उपाहारगृहाचा आणखी एक विशेष म्हणजे टेबलावरची सरमिसळ. गर्दीच्या वेळी चार खुर्च्यांच्या टेबलावर चार अनोळखी माणसे बसवली जातात, आणि शेजारच्याच्या ताटाकडे न पाहता जेवण्याची व पाण्याचा जग मात्र न मागता पुढे सरकवण्याची रीत तेथे आपोआप अंगवळणी पडते. ही साधी दिसणारी गोष्ट फार जुनी नाही. खेड्यापाड्यांतील चहाच्या दुकानांत दलितांसाठी वेगळ्या कपबशा ठेवण्याची चाल होती, आणि शहरांतील जुन्या खानावळीही जातवार असत. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही अशी तरतूद आहे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात उपाहारगृहाचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला, यावरून टेबलाचा प्रश्न किती मोठा होता हे कळते. कायद्याने दार उघडले, आणि गर्दीने व घाईने शेजारी बसवले, असे शहरापुरते म्हणता येईल. खोली भाड्याने देताना आडनाव विचारणारे शहर जेवणाच्या टेबलावर ते विचारत नाही, ही विसंगती मात्र मेंबराच्या लवकर लक्षात येते.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत मेस बंद झाल्या, मुले गावी गेली आणि पुष्कळ ठिकाणच्या वह्या तेथेच संपल्या. त्यानंतर उघडलेल्या मेसपैकी अनेकांनी मेंबरांपेक्षा डब्यांवर भर दिला असून जेवण मोबाइलवर मागवले जाते. अशा व्यवहारात न खाल्लेल्या जेवणाचा हिशेबच राहत नाही, कारण जेवढे मागवाल तेवढेच मोजले जाते. गिऱ्हाईकाची ही सोय आहे, पण तो आला नाही म्हणून चौकशी करण्याचे कोणाला कारण उरत नाही.

इकडे बुलढाणा–मलकापूर रस्त्यासारख्या जिल्ह्यातील रस्त्यांवर आता ‘फॅमिली’ असा फलक लावलेले ढाबे आहेत, आणि खेड्यांतून माणसे वाढदिवस किंवा परीक्षेचा निकाल यांसारख्या निमित्ताने मोटारसायकलींवर बायकामुलांसह तेथे जातात. ‘फॅमिली’ म्हणजे स्त्रियांना संकोच न वाटता बसता यावे म्हणून आडोसा केलेला वेगळा भाग. तेथे काजू करी आणि पनीर मागवले जाते, कारण घरी होते ते पैसे देऊन कोण खाणार, असा सरळ विचार असतो. शहरात खानावळीची सवय लागून परतलेला मुलगा मात्र बेसन आणि भाकर मागवतो आणि घरच्यांचे बोलणे खातो. भाकर तेथे नगावर मिळते, आणि दर नगाचा भाव पाहून आई त्याला घरी येऊन हव्या तितक्या खा म्हणते.