गुलमोहराचं आळं

चि. मृणाल,


परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, तिरंगा जाळणाऱ्याला तीन वर्षं कमीच आहेत." तुझ्या आवाजातला संताप ऐकून मी विषय बदलला. पण मन ऐकेना, म्हणून लिहितोय.

शाळेत ध्वजाचं काम माझ्याकडे असायचं, तुला आठवत असेल. एका वर्षी खादीचा ध्वज पार विरला. केशरी पट्टा विटून पिवळट झालेला, कडेचे धागे लोंबत होते. ध्वजसंहिता सांगते की असा ध्वज खाजगीत, शक्यतो जाळूनच, पूर्ण नष्ट करावा. शाळा सुटल्यावर मी आणि शिपाईकाका मागच्या विहिरीपाशी गेलो. दोरी सोडवली, घडी घातली, काडी ओढली. चक्राची निळाई काळी पडू लागली तसे काकांनी हात जोडले. राख त्यांनी स्वतःच्या ओंजळीनं गुलमोहराच्या आळ्यात घातली.

कापड तेच, आगही तीच. आम्ही केलं तो आदर. तेच कुणी रागानं भर चौकात केलं तर १९७१च्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद. ध्वजावर किंवा सरकारवर शब्दांनी टीका करायला तोच कायदा मोकळीक देतो. म्हणजे शिक्षा होते ती राग दाखवण्याच्या पद्धतीला. दुसऱ्याचा ध्वज ओढून नेला, कुणाच्या दारात जाळ केला, तर त्याला नेहमीचे कायदे आहेतच. पण स्वतःच्या पैशानं आणलेला ध्वज जाळला म्हणून माणूस तुरुंगात जावा, हे मला पटत नाही.

१९८४ साली डॅलसमध्ये ग्रेगरी ली जॉन्सननं निदर्शनांत अमेरिकेचा ध्वज जाळला. टेक्सासमध्ये त्याला वर्षाची कैद आणि दोन हजार डॉलर दंड झाला. १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी त्याच्या बाजूनं निकाल दिला. स्कालियांसारखे पक्के परंपरावादी न्यायमूर्ती त्या पाचांत होते. पण मला त्या खटल्यातला दुसराच माणूस आठवत राहतो. सगळे पांगल्यावर त्यानं ध्वजाचे जळके अवशेष गोळा केले आणि आपल्या परसात नेऊन पुरले. निकाल लिहिताना न्यायमूर्ती ब्रेनन यांनी त्याची आवर्जून दखल घेतली. अपमानाला उत्तर द्यायचं तर असं.

तू म्हणशील, ते अमेरिकेत. मग आपलं नागपूर घे. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघालेल्या हजारावर माणसांना अटक झाली. जमनालाल बजाजही तुरुंगात गेले. त्या झेंड्याच्या पाठीशी कुठला कायदा होता गं? कायदा तर त्याच्यावर उलटलेला होता. तरी जबलपूरहून, गुजरातेतून माणसं येत राहिली, रोज नवी तुकडी. झेंड्याला मान मिळाला तो त्यांच्यामुळे.

जवानाच्या पार्थिवावरचा तिरंगा मी आपल्याच गल्लीत पाहिलाय. त्याच्या आईनं त्या घडीला गाल लावला होता. तेव्हा माझ्यासमोर कुणी ध्वज पेटवला तर मी गप्प बसेन असं समजू नकोस. ओरडेन, हातातून हिसकावून घ्यायला धावेन. पण पोलिसांत जाणार नाही. नाहीच वाचवता आला, तर राख गोळा करीन. गुलमोहर अजून तिथंच आहे.

तुझा,
मामा