सत्तेची कसोटी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्यासमोर शासनकर्ती जमात होण्याचे ध्येय ठेवले. या ध्येयाचा आपण सभासंमेलनांतून आवर्जून उच्चार करतो. शासन कसे करावे, हा प्रश्न मात्र बहुधा मागे राहतो. इतिहासाचा शिक्षक या नात्याने त्याचे उत्तर मी सम्राट अशोकाच्या शिलालेखांत शोधत आलो आहे.

तेराव्या शिलालेखात अशोक कलिंग युद्धाचा हिशेब स्वतःच मांडतो. दीड लाख माणसे बंदी करून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याहून कितीतरी अधिक मृत्युमुखी पडली. विजयाचे लेख कोरविणारे राजे पुष्कळ झाले. विजयाचा पश्चात्ताप कोरविणारा विरळाच. हा पाठ शिकविताना वसतिगृहातील नववीच्या एका मुलीने विचारले, "सर, एवढे दुःख झाले, तर त्यांनी कलिंग परत का दिले नाही?"

प्रश्न रास्त होता. अशोकाने कलिंग परत दिले नाही. त्याच लेखात अरण्यवासीयांना समज देताना तो आपल्या सामर्थ्याची आठवणही करून देतो. शिवाय प्रत्यक्ष कलिंगात, धौली व जौगड येथे, हा लेख नाही. तेथे त्याऐवजी दोन स्वतंत्र लेख आहेत. मुलांना मी हेही लिहून घ्यायला सांगितले. आदर करावा, पण डोळसपणे.

त्या स्वतंत्र लेखांतच मला राज्यकर्त्याची खरी नीती दिसते. सर्व माणसे आपली अपत्ये आहेत, असे सांगून अशोक तोसलीच्या महामात्रांना बजावतो की, कोणालाही अकारण बंधन वा छळ सोसावा लागू नये. असा अन्याय अधिकाऱ्याच्या मत्सरातून, शीघ्रकोपातून, निष्ठुरतेतून, घाईतून, अनभ्यासातून, आळसातून आणि थकव्यातून घडतो, हेही तो नमूद करतो. हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवावा, अशी त्याची आज्ञा होती.

तरीही पित्याची माया ही पित्याच्या मर्जीवर असते. संविधानाने प्रजेचा नागरिक केला आणि कृपेच्या जागी हक्क आणला. राजकारणातील भक्ती अधःपतनाकडे व अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत दिला, तो याच जाणिवेने.

आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज तलाठी, ग्रामसेवक, फौजदार, शिक्षक आहेत. सत्ता त्यांच्या टेबलापर्यंत आली आहे. एखादी निराधार बाई त्याच कागदासाठी तिसऱ्यांदा त्या टेबलासमोर उभी राहते, तेव्हा आपण शासनकर्ते झालो की केवळ खुर्चीवर बसलो, याचा निकाल लागतो.