अजून व्हायचंय...

परवा नातवाने कॉम्प्युटरवर एक चित्र मोठं करून दाखवलं. मोतीबिंदू काढल्यापासून मला असं काही निरखून बघायची हौस आली आहे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर ट्वीड नदी आहे, तिच्या काठावरचा नॉरहॅमचा पडका किल्ला. किल्ल्यामागून येणारा उजेड, पाण्यात उतरलेली गुरं. टर्नरच्या ‘लिबर स्टुडिओरम’ मालिकेतलं, १८१६ साली प्रसिद्ध झालेलं छापचित्र.

यातल्या रेषा एचिंगच्या, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने उमटवलेल्या. छाया मात्र मेझोटिंटच्या. त्या चार्ल्स टर्नर या कारागिराने केल्या (आडनाव एक, नातं काही नाही!). मेझोटिंटचं सगळं उलटं. आधी पत्रा दातेरी हत्याराने खरखरीत करायचा. तसाच शाई लावून छापला तर कागद नुसता काळा. मग जिथे उजेड हवा तिथे खरवडून, घासून गुळगुळीत करायचा. तिथे शाई ठरत नाही. काळोखातून उजेड काढायचा!

हे ऐकलं आणि मला आमचा सातवीचा वर्ग आठवला. चित्रकलेला शिक्षक नव्हते, म्हणून तो तास माझ्याकडे. एका मुलाने अख्खा कागद कोळशाने काळा केला होता. मी तो वर्गासमोर उंच धरला. “कागद फुकट घालवलास!” मुलं हसली. तो हळूच म्हणाला, “बाई, अजून व्हायचंय.” त्याच्या हातात खोडरबर होतं. मला वाटलं, चूक खोडायला घेतलंय. कागद मी टोपलीत टाकला. पुढे वर्षभर तो माझ्या तासाला मुकाट्याने सगळ्यांसारखी फुलदाणी काढत राहिला.

टर्नर नॉरहॅमला पहिल्यांदा गेला १७९७ साली. मग ते दृश्य पुन:पुन्हा काढत राहिला. १८४५च्या सुमारास, सत्तरीत, याच छापचित्राच्या मांडणीवर त्याने तैलचित्र केलं. त्यात किल्ला म्हणजे नुसती निळसर सावली, बाकी सगळा उजेड. तेही अपुरंच मानतात. एका किल्ल्यापाशी हा माणूस जवळजवळ पन्नास वर्षं थांबला. मला पस्तीस मिनिटांच्या तासातली उरलेली दहा मिनिटं थांबवलं नाही.

असो. तो मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला असेल. नाव आठवतं, पत्ता नाही. कधी भेटलाच तर विचारीन, “त्या कागदावर काय येणार होतं रे?”