आधी भोकं बुजवा

शिकागोच्या उपनगरांत दिवाळीचा फराळ आणि घरातला फर्नेस साधारण एकाच सुमारास सुरू होतात. त्याच दिवसांत मला मराठी घरांतून फोन येऊ लागतात. घरांची ऊर्जा-तपासणी हा माझा व्यवसाय, आणि प्रश्न बहुतेक एकच असतो : "ॲटिकमध्ये फायबरग्लास घालायचंय, आर-३८ घेऊ की आर-४९?" आकड्याचं नंतर पाहू, असं मी सांगतो. आधी शिडी लावून वर जाऊ आणि घराच्या माथ्याला भोकं किती आहेत ते बघू.

तरी आकडा समजून घ्यायलाच हवा. 'आर' म्हणजे उष्णतेच्या वाटेतला अडथळा. आर दुप्पट झाला की त्या पृष्ठभागातून जाणारी उष्णता निम्मी होते. हजार चौरस फुटांचं ॲटिक घ्या. आत-बाहेरच्या तापमानात ५० अंश फॅरेनहाइटचा फरक आहे असं धरा; इथल्या जानेवारीत तो सहज असतो. जुनं आर-११ असेल तर तासाला सुमारे ४,५५० बीटीयू उष्णता वर निघून जाते. आर-३८ केलं की ती १,३०० वर येते, आर-६० केलं की ८३० वर. म्हणजे पहिल्या उडीत तीन हजारांहून अधिक वाचले, दुसऱ्या उडीत पाचशेसुद्धा नाहीत. आमच्या थंड पट्ट्यात रिकाम्या ॲटिकसाठी आर-६० ची शिफारस आहे आणि नव्याने काम करताना मीही तेवढं घालायला सांगतो, कारण वरच्या काही इंचांचा खर्च थोडा असतो. पण आधीच चांगलं आर-३८ असेल, तर मी ते पैसे दुसरीकडे लावायला सांगेन.

कुठे, ते पुढच्या हिशोबात दिसेल. याच ॲटिकमध्ये सगळीकडे आर-३८ आहे, फक्त ओढून खाली घ्यायच्या शिडीच्या झाकणावर काहीच नाही. पातळ प्लायवूडचं झाकण, आर जेमतेम १. झाकण दहा चौरस फुटांचं धरलं, तर संपूर्ण छताची सरासरी ३८ वरून जवळजवळ २८ वर उतरते. एक टक्का जागेने चौथ्या हिश्श्याहून जास्त काम वाया घालवलं! आणि यात झाकणाच्या फटींतून जाणारी हवा धरलेलीच नाही.

खरी मेख हवेतच आहे. काच स्वतः उष्णतेला फारशी अडवत नाही. स्थिर हवेच्या चाळीसपट वेगाने ती उष्णता वाहून नेते. १९३२ मध्ये ओहायोतल्या ओवेन्स-इलिनॉय कंपनीत डेल क्लाइस्ट हा तरुण संशोधक काचेच्या विटा जोडण्याच्या खटपटीत होता. दाबाखालची हवा वितळलेल्या काचेच्या धारेवर आदळली आणि काचेचे बारीक तंतू उडाले. गेम्स स्लेटरने त्यातून कारखान्यात चालेल अशी पद्धत उभी केली आणि १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी निघाली. या तंतूंचं काम एवढंच, की त्यांच्या जाळ्यात हवा अडकून स्थिर राहावी. हवा हलली की पाकिटावरचा आकडा खोटा ठरतो. फायबरग्लास उष्णता अडवतं, वारा अडवत नाही. कुकर कितीही जाड बुडाचा असो, रिंग फाटलेली असेल तर शिट्टी होत नाही. फटी न बुजवता पसरलेल्या फायबरग्लासचं तसंच होतं.

जुना गुलाबी थर उचलला की खालच्या बाजूला काळे डाग दिसतात. घरमालक बुरशी समजून घाबरतात. बहुतेक वेळा ती धूळ असते. कित्येक हिवाळे घरातली उबदार हवा तिथल्या फटीतून वर जात राहिली आणि फायबरग्लासने ती गाळण्यासारखी गाळली. मला हे डाग फार उपयोगी पडतात, कारण बहुतेक डागांखाली एक भोक असतं. आतल्या भिंतींच्या माथ्यावरची फट, सांडपाण्याच्या नळाभोवतीची मोकळी जागा, छतात बसवलेले गोल दिवे, बाथरूमच्या पंख्याची पेटी, चिमणीची चौकट. पुढच्या दारात मोठा पंखा बसवून घरातला दाब ५० पास्कलने उतरवला की ही भोकं हाताला जाणवतात. लहान फटींना सीलंट किंवा फोम चालतो. चिमणीभोवती मात्र पत्रा आणि उष्णता सोसणारं सीलंटच हवं; तिथे साधा फोम म्हणजे आगीला आमंत्रण. फटी बुजवल्यावर गॅसच्या वॉटर हीटरचा धूर नीट वर जातो का, हेही तपासून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू ठेवा.

आपल्या स्वयंपाकघरांसाठी वेगळं सांगायला हवं. डाळ-भाताचे कुकर, इडल्या, उकडीचे मोदक, दिवसभर उकळणारा चहा. आपल्या घरात वाफ खूप. चुलीवरचा पंखा पुष्कळदा हवा गाळून तिथेच परत सोडतो, आणि बाथरूमच्या पंख्याची नळी ॲटिकमध्येच मोकळी सोडलेली मला वारंवार सापडते. ती वाफ गारठलेल्या प्लायवूडला लागून गोठते, खिळ्यांच्या टोकांवर बर्फाचे दाणे धरतात आणि ऊन पडलं की सगळं खाली टपकतं. "छत गळतंय" म्हणून बोलावलेला माणूस वर नवी कौलं घालून जातो. त्याआधी नळी छताबाहेर काढा.

आता निवड. मोकळ्या ॲटिकमध्ये यंत्राने उडवून पसरायचं सुटं फायबरग्लास मला पट्ट्यांपेक्षा अधिक पसंत आहे. ते तारा आणि आडव्या वाशांभोवती नीट बसतं. पट्टेच घालायचे असतील तर दुसरा थर वाशांना आडवा आणि कागद नसलेला घाला. कागद असलेल्या थराची कागदी बाजू इथल्या थंडीत घराच्या आतल्या अंगाला. पट्टा दाबून कोंबू नका : सव्वासहा इंचांचा आर-१९ साडेतीन इंचांच्या भिंतीत बसवला तर त्याचा आर-१३ होतो. छताच्या कडेला हवा खेळायची जागा अडवू नका, तिथे आधी पन्हळी पट्ट्या (बॅफल) लावून घ्या. नाहीतर छप्पर खालून तापून बर्फ वितळतो, कडेला पुन्हा गोठतो आणि पाणी कौलांखाली शिरतं.

जुनं घर असेल तर एका गोष्टीसाठी मी हात जोडून विनंती करतो. ॲटिकमध्ये राखाडी-सोनेरी, चकाकत्या पापुद्र्यांचे खडे दिसले तर हात लावू नका. तो व्हर्मिक्युलाइट असू शकतो, आणि मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून आलेल्या मालात ॲस्बेस्टॉस होतं. ती खाण १९९० मध्ये बंद झाली, पण माल अजून घराघरांत पडून आहे. फायबरग्लासची भीती मात्र आता अवाजवी आहे. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००१ मध्ये घरांतल्या काचलोकरीला संशयितांच्या गटातून काढलं. खाज सुटते हे खरं. लांब बाह्या, चष्मा आणि मास्क घालून काम करा.

पुण्या-नागपूरहून नातेवाईक विचारतात, आम्हीही हेच करू का? तिथला शत्रू वेगळा आहे. स्लॅबवर दिवसभर ऊन पडतं, काँक्रीट तापतं आणि रात्री ती धग खाली सोडतं. खालून फायबरग्लास लावायला फॉल्स सीलिंग लागतं, आणि पावसाळ्यात गळती झाली की ते आतल्या आत भिजत राहतं. तिथे स्लॅबच्या वरच उष्णतारोधक बोर्ड, त्यावर वॉटरप्रूफिंग आणि पांढरा चायना मोझेक हे मला योग्य वाटतं. भारताच्या 'इको निवास संहिता २०१८'ने छताच्या उष्णता-वहनाची मर्यादा दर चौरस मीटरला, दर अंशाला १.२ वॅट ठरवली, अमेरिकन मापात साधारण आर-५. म्हणजे तिथे थोड्या जाडीनेही पुष्कळ फरक पडतो.

इकडे काम दुसऱ्याकडून करून घेणार असाल, तर शेवटचा हप्ता देण्याआधी पावती नीट वाचा. किती क्षेत्रफळ, किती जाडी, कोणता आर आणि किती पोती वापरली हे लिहून देणं सुट्या मालासाठी कायद्याने बंधनकारक आहे. जाडी थर बसल्यानंतरची असावी. वर खुणेच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, त्या स्वतः चढून पाहा. आणि त्याच फेरीत शिडीच्या झाकणावर काय घातलंय तेही बघा.