पुंगळीतली पोकळी

.45-70 सारखी जुन्या वळणाची रायफल बाळगणाऱ्याचं वय झालं की आधी खांदा कुरकुरतो. पूर्ण भराईची काडतुसं तासभर झाडणं नकोसं होतं आणि हात हलक्या भराईकडे वळतो. ओतीव शिशाच्या गोळीला वेगाची घाई नसतेच. दारू कमी झाली, धक्का कमी झाला, पण काडतुसाची पुंगळी 1873 साली, ते निघालं तेव्हा, होती तेवढीच राहिली. गोळीचं बूड आणि दारूचा थर यांच्यामध्ये जी पोकळी उरते तिचं काय करायचं, हा प्रश्न तरुणपणी अधूनमधून भेटतो. हलक्या भराईच्या वयात तो रोज समोर बसलेला असतो. माझं मत आता पक्कं आहे. भराव घालायचा तर सरळ भिंतीच्या पुंगळीत, शक्य तितका हलका आणि गोळीच्या बुडापर्यंत जागा पूर्ण व्यापणारा. ते जमत नसेल तर पोकळी पोकळीच राहू द्यावी. अर्धवट भरावाइतकं वाईट या धंद्यात दुसरं काही नाही.

भरावाचे समर्थक इतिहासाचा दाखला देतात, आणि तो खोटा नाही. अमेरिकी लष्कराच्या मूळ काडतुसात 70 ग्रेन काळी दारू आणि वर 405 ग्रेनची गोळी असे. मध्ये हवेला जागाच नव्हती. घोडदळाच्या आखूड कार्बाइनला तो धक्का झेपेना, म्हणून त्याच पुंगळीत 55 ग्रेन दारू भरली गेली आणि उरलेली जागा पुठ्ठ्याने बुजवली. ब्रिटिशांच्या मार्टिनी-हेन्रीतही 85 ग्रेन दारू आणि 480 ग्रेनची गोळी यांच्यामध्ये चकत्यांची आणि मेणाची चळत असे. पण या दाखल्यांतून नेमकं काय सिद्ध होतं ते नीट पाहावं. ती दारू काळी होती, आणि दारूपासून गोळीपर्यंत एकसंध खांब उभा होता. 1884 मध्ये पॉल व्येलने फ्रान्समध्ये बिनधुराची दारू बनवली आणि हे गणितच मोडलं. तेवढ्याच कामाला निम्म्याहून कमी दारू पुरू लागली. पुंगळी आडवी झाली की ती तळाशी पसरते. प्रायमरची ठिणगी कधी तिच्यात शिरते, कधी तिच्यावरून निघून जाते. नळी खाली झुकवून मग नेम धरला तर दारू गोळीकडे जमते, वर करून धरला तर प्रायमरकडे. गोळीचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर या दोन्हींतला फरक स्पष्ट दिसतो. भराव हवासा वाटतो तो यासाठी, आणि त्याचा हा फायदा खरा आहे. तो नाकारणाऱ्यांशी माझं जमत नाही.

मात्र भरावाचा बोळा हातात घेऊन पाहावा. डेक्रॉन म्हणजे उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा पिंजलेला धागा; कापोक म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस. चिमूटभर धागा बोटांनी उलगडून फुलवला की पुंगळीच्या तोंडाशी तो मावेनासा होतो, आणि तराजूवर मात्र जेमतेम जाणवतो. तो काडीने आत सारताना हात आवरावा लागतो. गोळी बसेल तेव्हा तिचं बूड त्याला हलकेच टेकलं पाहिजे आणि खालच्या टोकाने त्याने दारू प्रायमरपाशी धरून ठेवली पाहिजे. तोच धागा ठासून दारूवर बसवला की त्याची घट्ट गादी होते आणि तिच्या पुढे हवा उरते. वजन तेच, धागा तोच, काम मात्र उलटं. पाण्याचा नळ झटकन बंद केला की भिंतीतला पाइप धडकतो. धावत्या वस्तूला अचानक अडवल्याचा तो मार असतो. इथेही दारू पेटते, ती गादी सुसाट पुढे जाते आणि अजून जागेवरून न हललेल्या गोळीच्या बुडावर आदळते. त्या क्षणी तेवढ्याच एका पट्ट्यात दाब इतका चढतो की चेंबरचं पोलाद फुगतं आणि पुन्हा बसत नाही. झाडलेली पुंगळी उजेडात आडवी धरून फिरवली की तोंडाच्या थोडं खाली, गोळीचं बूड होतं बरोबर तिथे, केसाएवढं उंच चकचकीत कडं दिसतं. नखाने चाचपलं तर नख अडकतं. त्या चेंबरातून निघणाऱ्या प्रत्येक पुंगळीवर यापुढे ते उमटणार.

यावर ठरलेला आक्षेप असा की अमक्याने वर्षानुवर्षं दारूवर बोळा ठासला आणि त्याच्या रायफलीला काही झालं नाही. तो खरं बोलत असतो, पण त्यातून त्याच्या एका जुळणीपलीकडे काही सिद्ध होत नाही. दारूची जात, तिचं प्रमाण, पोकळीची लांबी, गोळीचं वजन, पोलादाचा मऊपणा, नळीचा कल, हे सगळं एका बाजूला आलं तर कडं पडतं. एक गोष्ट इकडची तिकडे झाली तर पडत नाही. नेमबाज चार्ल्स डेल यांनी मुद्दाम चेंबरांत कडी पाडून पाहिली, आणि वेन श्वार्ट्झ यांच्यासह लिहिलेल्या ‘द मॉडर्न श्युट्झन रायफल’मध्ये त्याचा ऊहापोह आहे. मुद्दाम पाडता येणाऱ्या गोष्टीला नशीब म्हणता येत नाही. शिवाय 1880 च्या आसपासचं पोलाद आजच्यापेक्षा मऊ आहे, आणि ती नळी पुन्हा कुणी बनवणार नाही.

दाणेदार भरावाची गोष्ट वेगळी, आणि तिच्याबद्दल मी जास्त कठोर आहे. अमेरिकेत त्यासाठी न्याहारीचा गव्हाचा रवा किंवा मक्याचं जाडं पीठ वापरतात. काळ्या दारूच्या हलक्या भराईवर, सरळ पुंगळीत, गच्च भरलेला रवा मला मान्य आहे. तो गोळीच्या बुडाला तप्त वायूपासून वाचवतो आणि नळीत शिसं कमी चिकटतं. पण रवा वजनदार असतो. गोळीबरोबर त्यालाही ढकलावं लागतं, म्हणजे दारूच्या लेखी गोळीच जड झालेली असते आणि दाब वाढतो. खांदा असलेल्या, गळ्यापाशी अरुंद होणाऱ्या पुंगळीत तर हा सगळा रवा त्या चिंचोळ्या वाटेने रेटावा लागतो. तिथे तो दगडासारखा आवळतो. बुडाचं रक्षण हवं असेल तर गोळीच्या बुडाला बसवायचा तांब्याचा गॅसचेक आहे, अधिक कडक मिश्रधातू आहे. याउपर बाटलीच्या आकाराच्या पुंगळीत रवा भरणाऱ्याला मी शिकवायला तयार नाही. जाता जाता एवढं सांगायला हवं की हे सगळं घरी बसून करण्याची मुभा अमेरिकेतली. भारतात 1959 चा शस्त्र कायदा परवान्याशिवाय दारूगोळा बनवू देत नाही.

दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, भराव हवाच कशाला, फुगीर दारू वापरा. हॉजडन कंपनीची ट्रेल बॉस त्यासाठीच निघाली होती. कमी वजनात पुंगळी भरून टाकणारी. सल्ला चांगला आहे, पण ती दारू गेल्या काही वर्षांत मिळणंच दुरापास्त झालं, आणि जड गोळीला मधला वेग द्यायला ती अपुरी पडते. प्रत्येक बाराला नळी आधी वर करून मग नेम धरणं हाही उपाय आहे. बाकावरून लक्ष्य भेदणाऱ्याला तो पुरतो. रानात हरणासमोर उभ्या माणसाला नाही.

खरी अडचण माझ्या मते क्रोनोग्राफ स्वस्त झाल्यापासूनची आहे. दहा बारांच्या वेगांतलं अंतर कमी दिसावं म्हणून लोक भराव घालतात, आणि शंभर यार्डांवरचा ग्रुप तसाच राहिला तरी समाधानी असतात. जुने श्युट्झन, म्हणजे लक्ष्यभेदाच्या स्पर्धांतले, नेमबाज एकच पुंगळी बाकावर पुन्हा पुन्हा भरत आणि कागदावरचं भोक बघत. मी त्यांची बाजू घेतो खरा, पण तो लहानसा आकडा मलाही हवा असतो, आणि शेजारच्या बाकावरच्याने तो वाचावा असंही मनातून वाटतं. भराव घातल्याने आकडा सुधारला पण कागदावर काहीच बदललं नाही, अशा भराया माझ्या वहीत कमी नाहीत, आणि त्या मी केवळ आकड्यासाठी जपल्या होत्या. आता बाटलीच्या आकाराच्या .30-06 मधला भराव मी पूर्ण बंद केला आहे. .45-70 मध्ये डेक्रॉन चालू आहे, एकाच गुंडाळीतला, तोलून घेतलेला, आणि डबीवरच्या चिठ्ठीत दारू आणि गोळीच्या शेजारी त्याचंही वजन लिहिलेलं.