कार्डाच्या पोटात कार्ड

आमच्या घरी कामांची यादी कुणी कागदावर लिहीत नसे. ती मामांच्या डोक्यात असायची. (सासऱ्यांना आमच्याकडे मामाच म्हणतात.) पहाटे चहा पितापिता ते ती वाटून टाकायचे. एकाने बेण्याचं बघा, एकाने ठिबकच्या नळ्या, बाया आल्या की त्यांना खालच्या वावरात पाठवा. पद्धत वाईट नव्हती, फक्त मामा गावात, पिशोरला असले तरच ती चालायची. पुढे चुलत दिरांचं अद्रक आणि आमचं अद्रक एकत्र करायचं ठरलं. ट्रॅक्टर एक, मजुरांची टोळी एक, बेणं एकाच ठिकाणाहून. तेव्हा एक डोकं कमी पडायला लागलं, आणि ते डोकं सत्तरीला आलेलं होतं.

लग्नाआधी मी वाळूजच्या एका कारखान्यात प्लॅनिंगला होते. तिथे भिंतीवर मोठा फळा होता, त्यावर रकाने आणि रकान्यांत कार्डं. कार्ड डावीकडून उजवीकडे सरकलं की काम पुढे गेलं, एवढं साधं. तेच मोबाइलवर आणावं असं माझ्या मनात आलं. मी कानबोर्ड नावाचं सॉफ्टवेअर निवडलं. ते फुकट आहे, आणि सगळी माहिती एका छोट्या फाइलीत मावते, त्यामुळे भाच्याने ते स्वस्तातल्या सर्व्हरवर सहज बसवून दिलं. त्यात आता मोठी भर पडत नाही, दुरुस्त्या तेवढ्या होतात. मला ते बरंच वाटलं. दर दोन महिन्यांनी बटणांची जागा बदलणारं काही घरातल्या माणसांपुढे ठेवायची माझी हिंमत नव्हती.

त्यात मुळात चार रकाने इंग्रजीत येतात. मी त्यांना नावं दिली: करायचंय, तयार, चालू, झालं. यातला ‘तयार’ घरच्यांना सगळ्यात उशिरा समजला आणि सगळ्यात जास्त आवडला. बेड पाडायचे आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते काम तयार कधी म्हणायचं? शेणखत पसरून झालं, ट्रॅक्टर मिळाला, डिझेल आहे, आणि जमिनीत वाफसा आहे, तेव्हा. ठिबक चालवून बघायचं तर थ्री फेज लाइट हवी, आणि ती एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ज्या आठवड्यात लाइट रात्रीची, त्या आठवड्यात दिवसाचं कार्ड ‘तयार’मध्ये ठेवण्यात अर्थ नाही. भाऊजी पहिल्यांदा उत्साहाने सगळीच कार्डं तिकडे ओढायचे. जाऊबाई ती मुकाट्याने परत आणायच्या.

खरी अडचण आली ती उतरंडीची. ‘अद्रक लागवड’ असं एक कार्ड केलं. त्याच्या आत पोटकामं टाकली: नांगरट, रोटाव्हेटर, शेणखत, बेड, ठिबक अंथरणं, बेणं, बेणेप्रक्रिया, लावणी, नांग्या भरणं. दिसायला छान दिसलं. मग ‘बेणं’वर आम्ही अडलो. एकरी आठ-दहा क्विंटल बेणं लागतं, आणि ते काही दुकानातून उचलून आणायची वस्तू नाही. कुणाकडे चांगलं आहे याचा तपास करायचा, वावरात जाऊन कंद मोडून बघायचा, कंदकूज नाही याची खात्री करायची, विसार द्यायचा, गाडी बघायची, आणून सावलीत पसरायचं, मग निवडून डोळे बघून तुकडे करायचे. म्हणजे पोटकामाच्या पोटात सात कामं. कानबोर्डमध्ये पोटकामाला पुढे पोटकाम नसतं. पोटकामाला नाव असतं, माणूस असतो, अंदाजे वेळ असतो आणि स्थिती असते: बाकी, चालू, झालं. त्याला स्वतःची अखेरची तारीख नसते, आणि ते एकटं रकान्यातून सरकतही नाही.

ही उणीव नेमकी याच सॉफ्टवेअरची नाही. 2011 मध्ये आलेल्या ट्रेलोने असे बोर्ड ऑफिसाऑफिसांत पोहोचवले, तिथेही कार्डाच्या आत चेकलिस्ट येते आणि पायऱ्या तिथेच संपतात. कारण कार्डाच्या घराण्यात उतरंड नव्हतीच. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी कानबान रुजवलं, त्यात कार्ड म्हणजे पुढच्या माणसाने मागच्याला दिलेला निरोप होता: एवढे भाग संपले, एवढे पाठव. एका कार्डाच्या पोटात दुसरं कार्ड असायचं कारणच नव्हतं. मोठं काम फोडून त्याचे भाग, भागांचे उपभाग करण्याची रीत दुसऱ्या घराण्यातली. अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या काळात, 1950च्या दशकाच्या अखेरीस, ती आकाराला आली, आणि 1968 मध्ये त्यांच्या संरक्षण खात्याने तिचं मानकच काढलं. आजची सॉफ्टवेअरं या दोन घराण्यांची सोयरीक लावतात. सोयरीक जमते, पण मानपानावरून कुरबुर राहतेच.

कानबोर्डने त्यावर वाट ठेवली आहे. एक कार्ड दुसऱ्याला जोडता येतं, आणि नातं काय ते सांगता येतं: हे त्याचं अपत्य, हे त्याला अडवतं, हे नुसतं संबंधित. नात्यांची नावं बदलायची सोय आहे, म्हणून मी ती मराठीत केली. ‘बेणं’ आता स्वतंत्र कार्ड झालं, ‘लागवड’चं अपत्य म्हणून जोडलेलं, आणि त्याची सात कामं त्याच्या आत. आत काय ठेवायचं आणि बाहेर काय काढायचं याचा आमचा निकष हळूहळू ठरला. ज्या कामाला स्वतःची तारीख आहे, जे स्वतंत्रपणे कुठेतरी अडून पडू शकतं, ते बाहेर. जे ओळीने उरकतं, ते आत. खुरपणीचं कार्ड करताना मी पोटकामं विचारली तर जाऊबाई म्हणाल्या, “खुरपणीच्या आत काय टाकणार? खुरपं.” त्यांचं बरोबर होतं. ते कार्ड आजही रिकाम्या पोटाने फिरतं.

दोन वावरांचाही असाच घोळ होता. अंजना नदीकडचं एक, माळावरचं एक. माझी पहिली कल्पना अशी की वावर सगळ्यात वर, त्याखाली हंगाम, त्याखाली लागवड. तीन पायऱ्या नुसत्या पत्ता सांगण्यातच गेल्या असत्या. मग बोर्डाला आडवे पट्टे करता येतात हे सापडलं. एक पट्टा नदीकडचा, एक माळाचा. उतरंडीची एक अख्खी पायरी गळून पडली. पायरी वाढवण्याआधी ती खरंच कामाची आहे की नुसता पत्ता आहे, हे बघायची सवय तेव्हापासून लागली.

पण बेणेप्रक्रियेपाशी सगळं पुन्हा फिस्कटलं. दोन्ही वावरांचं बेणं एकाच दिवशी, त्याच ड्रमांत औषधात बुडवायचं, सावलीत सुकवायचं आणि मग वाटायचं. मग हे अपत्य कुणाचं, नदीकडच्या लागवडीचं की माळावरच्या? मी दोघांनाही जोडून टाकलं. सॉफ्टवेअरने तक्रार केली नाही. पण ज्याला दोन मूळ कामं आहेत ते झाड राहत नाही, जाळं होतं. बेड पाडणारा ट्रॅक्टर, टोळी, लाइट, सगळ्यांचं तेच. मी रात्री मोबाइलवर नाती जुळवत बसायचे आणि हे विचारायचे, “झोपायचं का सोयरिकीच करायच्या?”

मामा बोर्ड स्वतः उघडत नसत. चष्मा नाही, अक्षर बारीक, अशी कारणं. मी वाचून दाखवायचे. सुरुवातीला वरून खाली वाचायचे: लागवड, तिच्याखाली बेणं, त्याखाली विसार. ते कंटाळले. “बाई, ही सगळी वंशावळ मला पाठ आहे. अडलंय काय, तेवढं सांग.” मग मी फक्त ‘अडवतं’ हे नातं असलेली कार्डं वाचायला लागले. गाडी नाही म्हणून बेणं अडलंय. बेणं नाही म्हणून प्रक्रिया अडली. त्यासाठी सांगून ठेवलेली टोळी मंगळवारी रिकामी बसणार. हे ऐकल्यावर मामांनी फोन लावला, आणि गाडी मिळाली.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. उतरंड हिशेब सांगणाऱ्याला लागते, काम करणाऱ्याला अडसर लागतो. बँकेला, विम्याला, वाटेकऱ्याला सांगताना ‘लागवड इतकी झाली’ हे वरून खाली दिसायला हवं. पण सकाळी चहा घेताना आई-लेकराचं नातं कुणाच्या उपयोगी पडत नाही. कोण कुणाची वाट बघतंय, एवढंच पुरतं. बहुतेक सॉफ्टवेअरांच्या जाहिरातीत मात्र उतरंडीचंच कौतुक असतं, अडसराची सोय आत कुठेतरी दडलेली.

एक प्रसंग सांगायलाच हवा. लावणी उरकली, पाऊस झाला, कोंब वर आले, आणि भाऊजींनी ‘अद्रक लागवड’ कार्ड बंद केलं. बंद करताना ते विचारतं की हे काम आणि याची सगळी पोटकामं बंद करायची का. स्पष्ट विचारतं. भाऊजींनी हो म्हटलं, कारण त्यांच्या मते लागवड झालीच होती. त्या ‘हो’बरोबर नांग्या भरायचं कामही झालेलं ठरलं आणि कुणाच्याच नजरेसमोर राहिलं नाही. उलट ‘बेणं’ हे जोडलेलं कार्ड उघडंच राहिलं, बेणेवाल्याची शेवटची रक्कम द्यायची होती म्हणून. आतलं पोटकाम मूळ कामाबरोबर जातं, जोडलेलं कार्ड जात नाही. हा फरक मी सगळ्यांना तोंडी सांगितला होता, पण तो कळला तो बेडावर. जाऊबाई नळ्या बघत चालल्या होत्या, त्यांना मध्येमध्ये हातभर मोकळी जागा दिसली. राखून ठेवलेलं बेणं अजून सावलीत होतं, दोन बाया लावून जागा भरून घेतली. उशिरा लावलेलं पुढे थोडं मागे पडलं, एवढंच. आता नांग्या भरणं हे बाहेरचं कार्ड असतं, आणि कोंब किती उगवले ते मोजल्याशिवाय ते ‘तयार’मध्ये येत नाही.

काम फोडण्याच्या त्या अमेरिकी रीतीत एक नियम आहे: भागांची बेरीज मूळ कामाएवढी भरली पाहिजे, कमी नाही, जास्त नाही. एका संध्याकाळी मी मामांना विचारलं, आपल्या बोर्डावर काय राहिलंय? ते लगेच म्हणाले, “भाव.” मी म्हटलं, भाव हे काम नाही. ते म्हणाले, “मग काढायचं का ठेवायचं, हे कोणतं काम?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण अद्रक हे पीक रकान्यांना जुमानत नाही. आठ-नऊ महिन्यांत ते तयार होतं, पण काढलंच पाहिजे असं नाही. भाव पडलेला असेल तर आमच्याकडे ते जमिनीतच ठेवतात, पुढच्या वर्षापर्यंतसुद्धा. 2023 मध्ये भाव चढला, ते बघून इकडे लागवड वाढली, आणि मग भाव उतरला. अशा वेळी कार्ड ‘चालू’त ठेवलं तर त्या रकान्याला घातलेली कार्डांची मर्यादा ओलांडली जाते, बोर्ड रंग बदलून ओरडतो की फार कामं हातात घेतलीत. ‘झालं’मध्ये टाकलं तर मामा ऐकून घेत नाहीत, पैसा आल्याशिवाय झालं कसं? परत ‘करायचंय’मध्ये नेणं म्हणजे वर्षभर राबलेल्या माणसांची थट्टा.

शेवटी पाचवा रकाना केला, ‘चालू’ आणि ‘झालं’ यांच्या मधे. नाव ‘जमिनीत’. त्याला मर्यादा ठेवली नाही. ठेवलेल्या अद्रकाला पाणी लागतं, सडीवर नजर लागते, म्हणून त्याला जोडलेली कार्डं इतर रकान्यांत फिरत राहतात आणि ते स्वतः जागचं हलत नाही. यंदा त्याच्या शेजारच्या बेडावर नवी लागवड झाली आहे. फवारणी दोन्हींची एकदमच होते. ते कार्ड आधी जुन्या अद्रकाला जोडायचं की नव्याला, यावर भाऊजींचं आणि माझं अजून एकमत नाही. जाऊबाईंनी ते तोवर ‘तयार’मध्ये ओढून ठेवलंय, पंप भरलेला आहे म्हणून.