उसनी पात्रे

गोष्ट संपली तरी तिच्यातली माणसे संपत नाहीत, हा अनुभव प्रत्येक वाचकाच्या गाठीला असतो. पुस्तक फडताळात जाते, पण त्यातली माणसे मनात हिंडत राहतात. पुढे त्यांचे काय झाले असेल, हा प्रश्न बहुतेकांना नुसताच पडतो. काहीजण मात्र लेखणी उचलून पुढची गोष्ट स्वतःच लिहून काढतात. अशा दुसऱ्या जातीच्या वाचकांची एक मराठी मंडळी चालविण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. आमच्याकडे, म्हणजे आम्हां तिघांकडे. एक शिलाँगला हिशेबतपासणीच्या खात्यात, एक विशाखापट्टणमला रेल्वेत आणि एक दिल्लीच्या सचिवालयात. नोकरीच्या निमित्ताने आम्ही एका गावात कधीच राहिलो नाही. मंडळी भरते ती इंटरनेटवर, आणि तीही कचेरीची कागदपत्रे मिटल्यावर.

या लेखनाला आज फॅन फिक्शन म्हणतात. नाव नवे असले तरी खोड जुनी आहे. एकट्या मोरोपंतांच्या नावावर परंपरेने एकशेआठ रामायणे जमा आहेत. त्यांतले एक तर ओठ न मिटता म्हणावयाचे! 1893 साली कॉनन डॉइलने शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटून दिले, तेव्हा वाचकांनी जणू घरचे माणूस गेल्यासारखे मनाला लावून घेतले, आणि 1903 मध्ये त्याला होम्स जिवंत करून परत आणावा लागला. पात्रावर मालकी कोणाची, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता. पुढे 1967 साली अमेरिकेत 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी-मालिकेच्या चाहत्यांनी 'स्पॉकॅनेलिया' नावाचे हौशी नियतकालिक काढले. चाहत्यांचे असे अंक त्या काळी चक्रमुद्रणावर निघत आणि टपालाने फिरत. ज्यांनी सायक्लोस्टाइलच्या शाईने बोटे काळी केली आहेत, त्या आमच्या ज्येष्ठ वाचकांना त्यांतला आनंद निराळा सांगावयास नको.

इंटरनेट आल्यावर या ओढ्याची नदी झाली. 2007 मध्ये काही चाहत्यांनी नफ्यावाचून चालणारी एक संस्था स्थापिली आणि 2009 मध्ये तिने 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे भांडार सर्वांना खुले केले. आज तेथे एक कोटीहून अधिक कृती आहेत, जाहिरात एकही नाही, आणि सारा कारभार स्वयंसेवक देणग्यांवर चालवितात. 2019 साली त्याला ह्युगो पारितोषिक मिळाले. आम्हांला मात्र पारितोषिकापेक्षा तेथील व्यवस्थेचे कौतुक अधिक. लेखक आपल्या कथेवर हव्या त्या शब्दांत खुणा लावतो, आणि पडद्याआडचे स्वयंसेवक एकाच अर्थाच्या शंभर खुणा एका सूत्रात बांधतात. ज्याने जुन्या दप्तरखान्यात नोंदवहीची अनुक्रमणी लाविली असेल, त्यालाच या कामाची किंमत कळेल. कथेत रक्तपात आहे, मुख्य पात्राचा मृत्यू आहे, अशा गोष्टींची सूचना दारावरच द्यावयाची. द्यावयाची नसेल तर 'सूचना देत नाही' एवढे तरी सांगावयाचे. मग आत शिरावयाचे की नाही, हे वाचकाने ठरवावे.

या महासागरापुढे आमची मंडळी म्हणजे ओंजळभर पाणी. सभासद शे-दीडशे. तथापि नियम आम्ही तेथूनच शिकलो, आणि त्यांना घरचे रूप दिले. गावाकडे लग्नकार्याला देवळातली मोठी पात्रे उसनी आणीत. त्यांवर देणगीदाराचे नाव कोरलेले असे. कार्य उरकले की पात्र घासूनपुसून, नाव शाबूत ठेवून परत करावयाचे, आणि त्यातले अन्न विकावयाचे नाही, ही रीत होती. गोष्टीतले पात्रही उसनेच. म्हणून मूळ लेखकाचे नाव कथेच्या डोक्यावर लिहावयाचे. कथेवर एक रुपयाही मिळवावयाचा नाही. हयात माणसांवर कथा रचावयाच्या नाहीत. बालपात्रांविषयी अशोभनीय लेखन आले तर ते चर्चेवाचून काढावयाचे. बाकी सारे खुले.

नियम सोपे, पण त्यांचा अंमल सोपा नाही. कचेरीत आमच्या सहीला वजन असते. येथे ते कवडीचेही नाही. सभासदाला पगार नाही, त्याला ज्ञापन देता येत नाही, त्याची बदली करता येत नाही. तो रागावला तर मुकाट्याने निघून जातो, आणि त्याच्याबरोबर त्याच्या न लिहिलेल्या गोष्टीही जातात.

याची खरी परीक्षा एका छोट्या कथेने घेतली. लिहिणारी पंधरा वर्षांची, बदलीच्या नोकरीतल्या एका अधिकाऱ्याची मुलगी. तिचे सारे शिक्षण महाराष्ट्राबाहेर झालेले. मराठी लिहिणे काय ते आमच्या मंडळीतच. तिने भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर कथा लिहिली. तिच्या कथेत बनेश फेणे पुण्याची विद्याभवन शाळा सोडून दूरच्या गावी जातो. तेथे त्याचे आडनाव कोणाला नीट उच्चारता येत नाही. आपल्याला हिंदीत स्वप्न पडले, हे एका सकाळी त्याच्या ध्यानात येते. आणि त्याचा तो प्रसिद्ध 'ट्टॉक' हळूहळू बंद होतो. बस्स, एवढेच. चोर नाही, पाठलाग नाही.

मंडळीत वादळ उठले. भाषा हिंदी वळणाची, लिंगवचनांची गल्लत पदोपदी. पण खरा राग त्याचा नव्हता. फेणे खचतोच कसा, हा होता. आमचे एक निवृत्त सभासद, व्याकरणाचे मोठे जाणकार, यांनी लिहिले की हा आमचा फेणे नव्हे, ही कथा आजच काढा. आणखी सातआठ जणांनी त्यांना दुजोरा दिला. त्यांचे दुःख खोटे नव्हते. ज्यांचे बालपण त्या पोरसवदा सायकलस्वाराच्या मागे धावण्यात गेले, त्यांच्याच अंगणात तो मूक होऊन बसला होता.

आम्ही तिघांनी दोन रात्री विचार केला. नियम एकही मोडला नव्हता. न आवडणे हे कथा काढण्याचे कारण होऊ लागले, तर चालकांच्या आवडीपुरतीच मंडळी उरेल. मुलीला आम्ही एवढेच सुचविले, की कथेवर 'मूळ स्वभावाहून निराळा' आणि 'उदास शेवट' अशा दोन खुणा लाव. तिने लाविल्या. तक्रारकर्त्यांना कळविले: कथा राहील, आपला फेणे निराळा असेल, तर तो आपण लिहावा.

दोन सभासद मंडळी सोडून गेले. ते अद्याप परतलेले नाहीत. निवृत्त गृहस्थांनी आपली तक्रार मागे घेतली नाही. परंतु तीन आठवड्यांनी त्यांची कथा आली, आयुष्यातली पहिली. तीत पुण्याचा एक मित्र फेणेला लांबलचक पत्र लिहितो, आणि पत्राच्या शेवटी विचारतो: तुझ्या तिकडच्या गावात सायकल भाड्याने मिळते का? कथेखाली मुलीने फक्त 'मिळते' असे लिहिले. या प्रांतात एक रूढ पद्धत आहे: कथा प्रसिद्ध होण्यापूर्वी एका जाणकाराने वाचावी, त्याला बीटा-वाचक म्हणतात. पुढच्या कथेसाठी तिने त्या गृहस्थांचेच नाव मागितले. तिच्या वाक्यांतली लिंगवचने ते आता तांबड्या अक्षरांत सुधारतात. फेणेचे मन मात्र तिच्यावर सोडतात.

परप्रांती आपली भाषा टिकावी म्हणून आपण गणेशोत्सव करतो, ग्रंथालये चालवितो, आणि ते योग्यच आहे. पण तेथे मुले बहुधा श्रोते असतात. भाषा टिकते ती तीत स्वतःचे काही सांगता आले म्हणजे. ज्या मुलीला 'मला एकटे वाटते' हे मराठीत सांगण्याची सोय उरली नव्हती, तिला फेणेच्या तोंडून ते सांगता आले. उसन्या पात्रात तिने स्वतःचे पाणी आणले होते. ते गढूळ आहे म्हणून पात्र हिसकावून घेतले असते, तर ती पुन्हा पाणवठ्यावर आली असती असे आम्हांला वाटत नाही.